साडेचार लिटरांची गाडी आणि तिचे दागिने

१९५४ साली लेनर्ड सॅव्हेज नावाच्या अमेरिकन संख्याशास्त्रज्ञानं एक भलामोठा ग्रंथ लिहिला. विषय होता संख्याशास्त्राचा पाया. पानापानांवर समीकरणं. आणि त्या गर्दीत मध्येच एक माणूस मोटार घ्यायला येतो! मोटारीची किंमत २१३४ डॉलर ५६ सेंट. त्याला वाटतं, लगे हाथ रेडिओही बसवून घ्यावा. मग एकूण होतात २२२८ डॉलर ४१ सेंट. एवढ्या मोठ्या रकमेत हा फरक तो केवढा? पण लगेच त्याच्या मनात दुसरा प्रश्न येतो. गाडी आधीच आपल्या दारात उभी असती, तर नुसत्या रेडिओसाठी आपण ९३ डॉलर ८५ सेंट मोजले असते का? छे, मुळीच नसते मोजले.

रेडिओ तोच, पैसेही तेच. मग एका क्षणी ते किरकोळ आणि दुसऱ्या क्षणी भारी कसे काय वाटतात?

सॅव्हेजच्या त्या रेडिओचं गाडीशी प्रमाण काढलं, तर ते साधारण ४.४ टक्के येतं. आज कुणी १५ लाखांची इलेक्ट्रिक गाडी घेत असेल, तर त्याच प्रमाणात होतात ६६ हजार रुपये. शोरूममध्ये ही रक्कम गाठायला किती वेळ लागतो? जाड मॅट, सीट कव्हर, डोअर वायझर, छतावरचा कॅरियर, अलॉय व्हील, डॅशकॅम, तळाला अँटी-रस्ट, वरून सिरॅमिक कोटिंग. यादीवर खुणा करायला पाच मिनिटं पुरतात. त्यातून ही रक्कम ९ टक्के व्याजाच्या पाच वर्षांच्या कर्जात बसवून दिली, तर हप्ता वाढतो फक्त १३७० रुपयांनी. पाच वर्षांत मात्र ६६ हजारांचे ८२ हजार झालेले असतात.

हे का होतं, याचा माग काढत गेलं की आपण थेट १८३४ सालात, जर्मनीतल्या लाइपझिग शहरात पोचतो. तिथे अर्न्स्ट वेबर हा शरीरशास्त्रज्ञ लोकांच्या हातात वजनं ठेवत होता आणि विचारत होता, कुठलं जड? त्याला दिसलं ते विलक्षण होतं. हाताला कळणारा फरक ठरावीक ग्रॅमचा नसतोच, तो असतो ठरावीक प्रमाणाचा. हलक्या वजनात थोडीशी भर पडली तरी हात लगेच ओळखतो. जड वजनात तेवढीच भर घातली, तर त्याला पत्ताही लागत नाही. डोळ्यांचं, कानांचंही पुष्कळसं असंच आहे. आपली इंद्रियं वजाबाकी करत नाहीत, ती भागाकार करतात.

पैशाच्या बाबतीतही मन असंच वागतं का? आमोस ट्वर्स्की आणि डॅनियल कानमन या जोडीनं १९८१ मध्ये याचं फार सुंदर उत्तर दिलं. त्यांनी लोकांना विचारलं: तुम्ही १२५ डॉलरचं जाकीट आणि १५ डॉलरचा कॅल्क्युलेटर घ्यायला निघालात. वीस मिनिटांच्या अंतरावरच्या दुकानात कॅल्क्युलेटर ५ डॉलरनं स्वस्त आहे. जाल का? ६८ टक्के लोक म्हणाले, जाऊ. मग दुसऱ्या लोकांसाठी किमतींची अदलाबदल केली. जाकीट १५ डॉलरचं, कॅल्क्युलेटर १२५ चा. सूट तीच ५ डॉलरची, रस्ता तोच वीस मिनिटांचा. आता जायला तयार झाले फक्त २९ टक्के. खिशात वाचणारे पैसे दोन्हीकडे तंतोतंत सारखे असूनही!

लाकडाच्या वखारीतला काटा आणि सोनाराचा काटा, दोन्ही वजनच सांगतात. पण वखारीच्या काट्यावर अंगठी ठेवली तर तो हलतही नाही. मोठी रक्कम मोजण्याच्या क्षणी आपल्या मनात वखारीचा काटा बसतो, आणि नेमक्या त्याच क्षणी समोर अंगठ्या मांडलेल्या असतात.

आता खरी गंमत ऐका. ज्या दिवशी मनाचा काटा इतका ढोबळ होतो, त्याच दिवशी आपण जी वस्तू घरी आणतो, तिचा काटा सोनाराचा असतो.

कसा, ते पाहू. ४० युनिटांची बॅटरी असलेली गाडी घ्या. युनिट म्हणजे आपल्या विजेच्या बिलावरचंच युनिट. एक लिटर पेट्रोल जाळलं, तर त्यातून साधारण ९ युनिट ऊर्जा मिळते. म्हणजे या गाडीची पूर्ण भरलेली बॅटरी म्हणजे जेमतेम साडेचार लिटर पेट्रोल! आणि एवढ्याशा ऊर्जेवर दीड टनाचं धूड चार माणसं घेऊन, एसी लावून पुण्याहून मुंबईला जातं आणि बरंचसं परतही येतं. साडेचार लिटरांत पेट्रोलची तशीच गाडी कुठवर जाईल? सत्तर किलोमीटर, फार तर ऐंशी.

हे जमतं, कारण पेट्रोलच्या इंजिनात जळणाऱ्या इंधनाचा साधारण पाव ते एक तृतीयांश भागच चाकांपर्यंत पोचतो. उरलेलं सगळं उष्णता होऊन रेडिएटरमधून आणि सायलेन्सरमधून उडून जातं. इलेक्ट्रिक गाडीत बॅटरीतल्या ऊर्जेचा ८५ टक्क्यांच्या आसपास भाग चाकाला मिळतो. वर ती गेलेलं परतही घेते. खंडाळ्याचा घाट उतरताना एकदा समोरच्या पडद्याकडे पाहा. उताराला गाडी रोखून धरण्यासाठी मोटरच जनित्र होते, आणि बॅटरीचा आकडा चक्क वर चढू लागतो. डोंगर उतरताना टाकी भरते आहे, असं मोटारीच्या इतिहासात याआधी सर्वसामान्य माणसाला कधी बघायला मिळालं होतं का?

पण या काटकसरीची दुसरी बाजूही आहे. पेट्रोलच्या गाडीत मुळात इतकं वाया जातं, की वरून लादलेलं थोडं ओझं त्या उधळपट्टीत मुरून जातं, आणि पाच मिनिटांत टाकी पुन्हा भरता येत असल्यानं कुणी हिशेबही ठेवत नाही. इलेक्ट्रिक गाडीकडे आहेतच साडेचार लिटर, आणि उधळपट्टी जवळपास नाहीच. मग तिची ऊर्जा जाते कुठे? मुख्यतः दोन ठिकाणी: टायर रस्त्यावर लोळवण्यात आणि हवा बाजूला सारण्यात.

हवा! आपण तिला काही धरतच नाही. पण शंभरच्या वेगानं जाणाऱ्या छोट्या एसयूव्हीला नुसती हवा कापायला सुमारे दहा किलोवॉट लागतात. घरातल्या दहा इस्त्र्या एकदम लावून ठेवण्याइतकी वीज. हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो. वेग दुप्पट, तर विरोध चौपट. गावात चाळीसच्या वेगानं फिरताना टायरचं घर्षण जास्त असतं. साठ-पासष्टच्या पुढे हवा वरचढ होते, आणि द्रुतगती मार्गावर तर तिचंच राज्य.

म्हणून या गाड्यांची अंगकाठी नीट निरखून पाहा. तळ सपाट. दारांच्या कड्या बऱ्याच गाड्यांत आत दडवलेल्या. चाकांवर जवळजवळ बंद तबकड्या, ज्या बघून अनेकांना वाटतं की कंपनीनं इथे काटकसर केली. फिरणारं चाक म्हणजे एक पंखाच. तो हवा घुसळून बाहेर फेकतो. ठोकळमानानं मोटारीला होणाऱ्या हवेच्या विरोधातला पाव भाग चाकं आणि त्यांच्या कमानींमुळे असतो. ती रुक्ष तबकडी अभियंत्यांनी बोगद्यात वारा सोडून, चाचण्या घेऊन घडवलेली असते. आपण पहिल्याच आठवड्यात ती काढतो आणि मोठ्या आऱ्यांची, रुंद टायरची अलॉय बसवतो. दिसायला ती देखणी असतात, यात वाद नाही. पण हा दागिना प्रत्येक किलोमीटरला थोडी थोडी वीज मागत राहतो.

आणि छतावरचा कॅरियर? त्याची गोष्ट तर मला फार आवडते. दोन सेंटिमीटर जाडीची गोल नळी आडवी बसवली आहे, असं धरा. वारा तिच्यावर आदळतो, दोन्हीकडून वळसा घेतो आणि मागे भोवरे सोडतो. एक वरून, एक खालून, एक वरून, एक खालून, अगदी ठेक्यात. विन्सेंत्स श्ट्रोउहाल या चेक पदार्थवैज्ञानिकानं १८७८ मध्ये वाऱ्यात गाणाऱ्या तारांचा अभ्यास करताना या ठेक्याचा नियम शोधला. वेगाला जाडीनं भागा, त्याचा साधारण पाचवा हिस्सा घ्या, झाली दर सेकंदाची भोवऱ्यांची संख्या. आपली गाडी शंभरनं जाते आहे, तर उत्तर येतं सुमारे २७८. पेटीवर ही पट्टी कुठली? काळी एक! वेग ऐंशीवर आणा, सूर उतरून पांढरी सहाच्या जवळ येतो. म्हणजे रिकामा कॅरियर घेऊन निघालेली गाडी आपला वेग सुरात सांगत असते. चांगल्या कॅरियरच्या दांड्या विमानाच्या पंखासारख्या चपट्या का असतात आणि त्यांच्यावर खाचांची रबरी पट्टी का असते, हेही आता कळेल. ती पट्टी भोवऱ्यांचा ठेका मोडते.

हा सूर पेट्रोलच्या गाडीत का ऐकू येत नव्हता? येत होता, पण त्याच्यावर इंजिनाचा आवाज होता. एक आवाज दुसऱ्याला झाकतो, हा आपल्या कानांचा स्वभाव. इंजिन गेलं आणि इतकी वर्षं झाकलेलं सगळं उघडं पडलं: दाराच्या खणातलं नाणं, मागच्या सीटच्या पट्ट्याचा बक्कल, डोअर वायझरला घासणारा वारा. नव्या मालकाला वाटतं, गाडी खडखडते आहे. मग तो दारं उघडून आतून डॅम्पिंग शीट लावून घेतो. शीट पत्र्याची थरथर खरोखर कमी करते. थरथरीची उष्णता करून टाकते, हेही एक नवलच आहे. पण वाऱ्याचा आवाज येत असतो बाहेर लावलेल्या वायझरमधून आणि कॅरियरमधून. एका ॲक्सेसरीचा आवाज दाबायला दुसरी घेतली जाते, असं मी पुष्कळदा पाहिलं आहे आणि मला त्याचं मनापासून वाईट वाटतं. आधी कॅरियर उतरवून एक फेरी मारून बघावी.

आता भिंतीवरच्या चार्जरकडे वळू. कारण सगळ्यात मोठी रक्कम बहुधा इथे मोजली जाते, तीही भीतीपोटी. बॅटरी भरली नाही तर? म्हणून माणूस सगळ्यात दांडगा चार्जर मागतो. पण भिंतीवरची ती पेटी मुळी चार्जर नाहीच! खरा चार्जर गाडीच्या पोटात असतो. घरातली वीज क्षणाक्षणाला दिशा बदलते, बॅटरीला मात्र एकाच दिशेची वीज लागते. हा बदल गाडी स्वतःच करते. भिंतीवरची पेटी म्हणजे एक अतिशय हुशार, अतिशय सावध बटण.

किती सावध? गाडीत लावायचा प्लग हातात घेऊन त्याच्या तोंडाकडे पाहा. सात छिद्रं दिसतील. पाच मोठी, दोन बारीक. मोठ्यांतून वीज जाते, बारकी दोन फक्त बोलण्यासाठी. प्लग लावल्यावर लगेच वीज सुरू होत नाही. आधी बोलणी होतात. पेटी बारक्या तारेवर १२ व्होल्ट धरून बसलेली असते. प्लग गाडीत शिरला, की गाडी तो दाब ९ वर आणते. अर्थ: मी आले. मग पेटी सेकंदाला एक हजार ठोके पाठवू लागते, आणि प्रत्येक ठोक्यात वीज किती भाग चालू आणि किती भाग बंद, यातच तिचा निरोप असतो. साधारण २७ टक्के चालू, म्हणजे १६ अँपिअरपर्यंत घे. ५३ टक्के, म्हणजे ३२ पर्यंत घे. गाडी तयार झाली, की दाब ६ व्होल्टवर आणते. तेव्हा कुठे पेटीतला स्विच लागतो. प्लग उपसताना निरोपाचा संपर्क आधी तुटतो आणि विजेचा नंतर. म्हणून मोठ्या छिद्रांमधली वीज आधीच बंद झालेली असते, ठिणगी उडत नाही.

या संभाषणात पेटी फक्त एवढंच सांगते, की जास्तीत जास्त किती घेता येईल. किती घ्यायचं, ते गाडी ठरवते. गाडीच्या पोटातला चार्जर ३.३ किलोवॉटचा असेल, तर भिंतीवर ११ किलोवॉटची पेटी लावली तरी गाडी घेणार ३.३ च. शिवाय ११ ला थ्री फेज जोडणी लागते. मग सोसायटीची परवानगी, नवं मीटर, जाड केबल, हे सगळं आलंच. आणि गरज किती असते? हडपसरहून हिंजवडीला जाऊन-येऊन पन्नास-साठ किलोमीटर धरले, तर खर्च होतात आठ-नऊ युनिट. पंधरा अँपिअरच्या साध्या सॉकेटवर, गाडीबरोबर आलेल्या केबलनं, ते तीन तासांत भरून निघतात. गाडी रात्रभर उभीच असते. फक्त त्या सॉकेटला स्वतंत्र वायर आणि नीट अर्थिंग हवं. पैसे खर्च करायचेच, तर ते इलेक्ट्रिशियनवर करावेत. आणि एक्स्टेन्शन बोर्ड मात्र कधीही वापरू नये. मिक्सर पाच मिनिटं चालतो, ही गाडी पूर्ण दाबानं तासन् तास वीज ओढते. सैल सांधा असेल तर तो तापत जातो, तापल्यानं आणखी बिघडतो.

डॅशकॅम ही तशी कामाची वस्तू. पण ती जोडायची कुठे, यात एक गंमत दडली आहे. गाडी सुरू करताना कान देऊन ऐका. खालून ‘टक्’ असा आवाज येतो. मोठ्या बॅटरीचे जाड स्विच त्या क्षणी लागतात. एरवी ती बॅटरी बाकी गाडीपासून पूर्ण तोडलेली असते, सुरक्षिततेसाठी. आणि ते स्विच लावायला ताकद कोण देतं? पेट्रोलच्या गाडीत असते तशीच १२ व्होल्टची छोटी बॅटरी! पोटात शेकडो किलोमीटरची ऊर्जा भरलेली असली, तरी ही छोटी बॅटरी उतरली तर गाडी जागची हलत नाही. कॅमेरा रात्रंदिवस चालू ठेवला, तर तो हिच्यातूनच पितो. म्हणून बॅटरी उतरू लागली की आपोआप बंद होणारा कॅमेरा घ्यावा, आणि जोडणी वायर सोलून न करता फ्यूजवरून करून घ्यावी. बॉनेटखाली नारिंगी रंगाच्या केबल दिसतात. त्या शेकडो व्होल्टच्या असतात. त्यांना गॅरेजमधल्या कुणाचाही हात लागू देऊ नये.

सीट कव्हरबद्दल थोडक्यात पण कळकळीनं सांगते. पुढच्या सीटच्या बाहेरच्या कडेला शिवणीजवळ बोटाएवढी एक पट्टी असते, तिच्यावर ‘एअरबॅग’ असं लिहिलेलं. बाजूनं धडक बसली, तर दार आणि बरगड्या यांच्यात वीतभर जागा उरते. म्हणून ही पिशवी एका सेकंदाच्या पन्नासाव्या भागाच्या आसपास फुगावी लागते. पापणी लवायला याच्या कित्येक पट वेळ लागतो. त्यासाठी ती शिवण मुद्दाम अशी घातलेली असते, की नेमकी तिथेच उसवावी. तिच्यावर आपण जाड, घट्ट, दुहेरी टाक्यांचं कव्हर चढवलं, तर काय होईल? घ्यायचंच, तर त्या कडेला मोकळं असलेलं कव्हर घ्यावं.

अँटी-रस्टचं काय? कारखान्यात गाडीचा सांगाडा रंगाच्या मोठ्या कुंडात बुडवतात आणि वीज सोडतात. रंगाचे कण पत्र्याकडे ओढले जातात. जिथे थर बसला तिथे वीज अडते, मग ती आपोआप उघड्या राहिलेल्या कोपऱ्याकडे वळते. अशा रीतीनं ब्रश कधीच पोचणार नाही अशा पोकळीतही रंग जाऊन बसतो. याच्यानंतर बाहेरून फवारलेल्या लेपाची गरज शहरात फारशी उरत नाही. मालवण-रत्नागिरीच्या खाऱ्या हवेत राहणाऱ्यांनी विचार जरूर करावा. पण बॅटरीच्या पेटीवर मात्र तो लेप नको. तिला हवेचा दाब सांभाळणारं झडप असतं, ते बुजता कामा नये.

मग काही घ्यायचंच नाही? तसं कशाला? पावसाळ्यातल्या चिखलासाठी मॅट हवेतच. फक्त ड्रायव्हरच्या पायाखाली एकावर एक दोन नकोत. पेडलखाली सरकणाऱ्या मॅटपायी टोयोटाला २००९ मध्ये अमेरिकेत सुमारे ३८ लाख गाड्यांबाबत सूचना काढावी लागली होती. काचेवर धरायचा पडदाही उपयोगी. बाकी गोष्टींना सॅव्हेजचा प्रश्न लावावा, आणि तो शोरूममध्ये न लावता गाडी दारात येऊन महिना झाल्यावर लावावा. तोवर मनातला वखारीचा काटा निघालेला असतो.

एक वस्तू मात्र मी पहिल्याच दिवशी घ्यायला सांगेन: १२ व्होल्टच्या सॉकेटवर चालणारा, तळहाताएवढा हवा भरायचा पंप. टायर रस्त्याला टेकतो तिथे चपटा होतो आणि पुढे जाऊन पुन्हा गोल होतो. रबर दाबताना जेवढी ऊर्जा घेतं, तेवढी सुटताना परत देत नाही. फरकाची उष्णता होते. हवा कमी, तर चपटेपणा जास्त, आणि साडेचार लिटरांतलं आणखी थोडं रस्त्यावर सांडतं. त्यात हवेचा दाब दर दहा अंश सेल्सिअसला साधारण दीड ते दोन पीएसआयनं बदलतो. मे महिन्यात बरोबर भरलेले टायर डिसेंबरातल्या पहाटे तीन-चार पीएसआयनं उतरलेले असतात, कुठेही पंक्चर नसताना. म्हणून महिन्यातून एकदा, सकाळी, गाडी हलवण्याआधी टायर गार असतानाच दाब बघावा. किती भरायचा तो आकडा ड्रायव्हरचं दार उघडलं की चौकटीवर चिकटवलेला दिसतो.